युजर-स्पेस थ्रेड आणि फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं : चोडणच्या मानशीवरच्या कामाच्या नोंदी

खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीत, मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) दाराशी पाण्याची पातळी, क्षारता आणि तापमान नोंदवणारी पेटी बसवायचं काम चालू आहे. जागा गोव्यात चोडणला, कोडिंग फोंड्याला. पेटीत रास्पबेरी पाय ४ आणि बाहेर आरएस-४८५च्या एकाच तारेवर सगळे सेन्सर. कामाला माणसं दोनच, मी आणि फर्मागुडीला इंजिनियरिंग करणारा माझा भाचा.

प्रोग्राम सीमध्ये आहे. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत आळीपाळीने चालणारी कामं, आमचे स्वतःचे आहेत, कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) नाहीत. पीथ्रेड, म्हणजे कर्नलचे तयार थ्रेड, का नको, हा प्रश्न येणारच. तार एकच असल्यामुळे तिच्यावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. चालू थ्रेड आपणहून बाजूला झाल्याशिवाय दुसरा उठतच नसेल, तर लॉकची भानगडच राहत नाही. शिवाय हाच कोड लॅपटॉपवर हजारो खोट्या मानशी घेऊन चालवून बघायचा आहे. आणि उरलेलं कारण हौस.

या नोंदी अशाच कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहेत. एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे स्विच, आणि रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या, हातातले आकडे ठेवायच्या जागा. "स्विच करताना रजिस्टरं सेव्ह करा" एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. नेमकी कुठली करायची आणि कुठली मुद्दाम करायची नाहीत, यातच आमचा सगळा वेळ गेला.

३ जून

स्विचचं फंक्शन असेंब्लीत, वेगळ्या फाइलीत लिहिलं. लॅपटॉपसाठी, म्हणजे एक्स८६-६४ आणि लिनक्स, कृती सोपी आहे. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरं स्टॅकवर (थ्रेडच्या कामचलाऊ मेमरीवर) ढकलायची, आरएसपी, म्हणजे स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर, जुन्या थ्रेडच्या नोंदीत ठेवायचा, नव्याचा उचलायचा, सहा रजिस्टरं परत काढायची आणि रेट (स्टॅकवरच्या परतीच्या पत्त्यावर उडी). पायसाठी, म्हणजे एआरएम६४, एक्स१९ ते एक्स३० अशी बारा रजिस्टरं, ९६ बाइट.

प्रत्येक थ्रेडला एममॅपने, म्हणजे कर्नलकडून मेमरी मागून, ६४ केबी स्टॅक दिला. त्याच्या खालचं एक पान एमप्रोटेक्टने बंद केलं, म्हणजे स्टॅक संपला तर शेजारच्या थ्रेडचा डेटा न बिघडवता प्रोग्राम तिथेच कोसळेल. दोन थ्रेड आळीपाळीने आकडे छापताहेत, दोन्ही मशीनवर.

४ जून

लॅपटॉपवर गंमत झाली. पूर्णांक छापला की सगळं ठीक, दशांश छापला की सेगमेंटेशन फॉल्ट. जीडीबी (डीबगर) लावला तर प्रोग्राम प्रिंटएफच्या अगदी सुरुवातीला मूव्हएपीएस या सूचनेवर पडलेला.

कारण असं. कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला किती व्हेक्टर रजिस्टरं (दशांश आकडे यांतच असतात) भरून पाठवली आहेत हे एएल या रजिस्टरातून कळतं. तो आकडा शून्य नसेल तर फंक्शन एक्सएमएम० ते एक्सएमएम७ स्टॅकवर ठेवून घेतं, तेही मूव्हएपीएसने, आणि या सूचनेला १६च्या पटीतलाच पत्ता चालतो. कंपायलर धरून चालतो की फंक्शन कॉलने सुरू झालंय, म्हणजे परतीचा पत्ता आधीच स्टॅकवर बसून आरएसपी १६च्या पटीपासून ८ने सरकलेला आहे. आमचा नवा थ्रेड मात्र रेटने पहिल्या फंक्शनमध्ये शिरतो, त्यामुळे तो सरकलेलाच नसतो. सुरुवातीच्या स्टॅकवर एक शून्य जास्तीचं ठेवलं आणि प्रश्न मिटला. तेच शून्य खोटा परतीचा पत्ता म्हणूनही कामाला येतं, जीडीबीचा बॅकट्रेस तिथे शहाण्यासारखा थांबतो.

पायवर हा दोष लपू शकत नाही. तिथे एसपी १६च्या पटीत नसेल तर त्यावरून पहिली लोड किंवा स्टोर करतानाच हार्डवेअर अडवतं.

८ जून, चोडण

रायबंदरहून फेरीबोटीने पेटी नेऊन बसवली. पाऊस कोसळतोय, बांधावर चिखल. भरती चढली की पाण्याच्या दाबाने मानशीचं दार आपोआप बंद होतं, ओहोटीला उघडतं, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पातळीचे आलेख वेगवेगळे दिसायला हवेत. तसे ते दिसले. क्षारताही वरखाली होत होती. भरतीबरोबर खारं पाणी वर येतं, तेव्हा ते स्वाभाविकच होतं. आकडा लहान वाटला, पण पावसाळ्यात मांडवीचं पाणी गोडं होत जातं म्हणून तोही खपला.

१० जून

क्षारतेचा आलेख पातळीच्या आलेखाशी फारच जुळतोय. चढ तोच, उतार तोच, खाचखळगेसुद्धा तेच. खाऱ्या पाण्याला वर यायला आणि मिसळायला वेळ लागतो, ते इतकं शिस्तीत वागत नाही.

पहिला संशय तारेवर. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर तपासले, ठीक होते. मग कन्व्हर्टर बदलला, ३५० रुपये. मग क्षारतेचा सेन्सर काढून फोंड्याला आणला आणि मिठाच्या पाण्यात बुडवला. सुटा चालवला तर आकडा बरोबर. पातळीच्या सेन्सरसोबत चालवला की पुन्हा चुकीचा. एवढं कळेपर्यंत दोन फेऱ्या, पेट्रोल आणि एक संपूर्ण भिजलेली सुट्टी खर्ची पडली. कन्व्हर्टरचे पैसे वाया गेले.

११ जून

भाच्याने प्रोग्राम ऑप्टिमायझेशनशिवाय, -ओ० लावून, कंपाइल केला आणि दोष गायब. -ओ२ लावला की हजर. इथून पुढे सेन्सरचा विषय संपला.

ऑब्जडंपने क्षारतेच्या थ्रेडची असेंब्ली काढली. सरती सरासरी, म्हणजे मागची सरासरी अधिक नव्या मापाशी असलेल्या तिच्या फरकाचा थोडा हिस्सा, कंपायलरने डी८ या रजिस्टरात ठेवली होती आणि ती यील्डच्या (बाजूला होऊन दुसऱ्याला चालू द्यायच्या) कॉलच्या पलीकडेही तिथेच राहत होती. पातळीचा थ्रेड बघितला तर तोही डी८च वापरतो. तो कच्चं माप फाइलीत लिहितो, मग यील्ड करतो, आणि पुढच्या मापाशी फरक काढण्यासाठी तो आकडा डी८मध्ये तसाच ठेवतो. आमचं स्विच डी८ला हातच लावत नव्हतं. क्षारतेचा थ्रेड उठला की "मागची सरासरी" म्हणून त्याच्या हातात पाण्याची पातळी यायची, मीटरमध्ये. पातळीचा स्तंभ बरोबर होता कारण माप यील्डच्या आधीच लिहिलं जात होतं. शेजारच्या फरकाच्या स्तंभात केव्हाचा कचरा पडत होता, पण तिकडे कोणी बघितलंच नव्हतं.

एआरएमच्या कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना बोलावताना पाळायच्या करारात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. व्ही८ ते व्ही१५ या रजिस्टरांचे खालचे ६४ बिट, म्हणजेच डी८ ते डी१५, बोलावलेल्या फंक्शनने जसेच्या तसे परत करायचे. बाकीची व्हेक्टर रजिस्टरं बोलावणाऱ्याने सांभाळायची. स्विच हे कंपायलरच्या नजरेत साधं फंक्शन आहे, तेव्हा त्यानेही हा करार पाळायला हवा.

दुरुस्ती म्हणजे साठवायच्या चार एसटीपी आणि उचलायच्या चार एलडीपी. फ्रेम, म्हणजे स्विचने स्टॅकवर ठेवलेला गठ्ठा, ९६ वरून १६० बाइटची झाली, १६च्या पटीतच राहिली.

भाचा म्हणाला, "मामा, क्यू८ ते क्यू१५ अशी पूर्ण १२८ बिट सेव्ह करूया ना, उगाच अर्धी कशाला?" गरज नाही. वरच्या अर्ध्या भागाचं वचन कन्व्हेन्शन कोणालाच देत नाही, त्यामुळे कंपायलर कॉलच्या पलीकडे तिथे काही ठेवतच नाही. त्याला पूर्ण १२८ बिटांचं काही जपायचं असेल तर तो ते कॉलच्या आधी स्वतः स्टॅकवर टाकतो.

-ओ० ला दोष का दिसला नाही हेही यातच आलं. तिथे प्रत्येक व्हेरिएबल स्टॅकवर राहतो आणि रजिस्टरात काही टिकतच नाही. म्हणून आता आमच्या सगळ्या चाचण्या -ओ२ लावूनच होतात.

१४ जून

मग लॅपटॉपवर हा दोष का नव्हता? लिनक्सवर चालणाऱ्या सिस्टिम व्ही कन्व्हेन्शनमध्ये एक्सएमएम० ते एक्सएमएम१५ ही सगळीच्या सगळी बोलावणाऱ्याने सांभाळायची आहेत. कॉलच्या आधी जी मूल्यं पुढे लागणार आहेत, ती कंपायलरने आधीच स्टॅकवर टाकलेली असतात, आणि तो स्टॅक त्या थ्रेडचाच असतो. म्हणजे आम्ही स्विचमध्ये शिरतो तेव्हा एक्सएमएममध्ये जपण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

भाच्याला हे पटेना. त्याने एफएक्ससेव्ह आणि एफएक्सआरस्टोर, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं एकदम साठवणाऱ्या आणि उचलणाऱ्या सूचना, टाकून बघितलं. प्रत्येक थ्रेडला ५१२ बाइट जास्तीचे, १६च्या पटीतल्या पत्त्यावर. एक्ससेव्ह, म्हणजे एव्हीएक्सची जास्त रुंद व्हेक्टर रजिस्टरंही साठवणारी सूचना, घेतलं तर पत्ता ६४च्या पटीत लागतो. आकार प्रोसेसरवर ठरतो आणि तो सीपीयूआयडीला विचारावा लागतो. ५१२ जुने, ६४ हेडरचे, २५६ एव्हीएक्सचे असे ८३२ बाइट, आणि एव्हीएक्स-५१२ असेल तर अडीच हजारांच्या पुढे. मोजलं. रिकामा स्विच मोजक्या नॅनोसेकंदांत होत होता, एफएक्ससेव्हच्या जोडीने तो दहापटीच्या आसपास गेला. हजारो खोट्या मानशींच्या सिम्युलेशनमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. आणि बदल्यात काहीच मिळत नाही. काढून टाकलं.

१५ जून

भाच्याने तेच असेंब्ली घरच्या विंडोजवर चालवायचा प्रयत्न केला. चाललं नाही, चालणारही नव्हतं. तिथे कन्व्हेन्शनच वेगळं आहे. आर्ग्युमेंट आरडीआय-आरएसआयमध्ये नाही, आरसीएक्स-आरडीएक्समध्ये येतात. आरडीआय आणि आरएसआयही जपावी लागतात. आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ बोलावलेल्याने सांभाळायची असतात, पूर्ण १२८ बिट, म्हणजे दहा गुणिले सोळा, १६० बाइट. प्रोसेसर तोच असून नियम उलटा. थ्रेडच्या माहितीत स्टॅकच्या सीमा लिहिलेल्या असतात, त्याही बदलाव्या लागतात. आम्हाला विंडोज नको आहे. फाइल वेगळी काढून बाजूला ठेवली.

१७ जून

यावर मात्र लक्ष ठेवा. भाच्याने कॉलचा खर्च वाचवायला स्विच इनलाइन असेंब्ली केलं. लॅपटॉपवर आकडे लगेच बिघडले, तेही ज्या मशीनवर आतापर्यंत एकही चूक नव्हती तिथे.

वर म्हटलेलं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे कंपायलरला हा फंक्शन कॉल दिसतो. इनलाइन असेंब्ली त्याला कॉल वाटत नाही. क्लॉबरच्या यादीत जी रजिस्टरं लिहिली तेवढीच बदलतात असं तो समजतो. यादीत एक्सएमएम नव्हती, म्हणून त्याने सरासरी निर्धास्तपणे एक्सएमएम२मध्ये ठेवली. सगळी एक्सएमएम यादीत घातली की चालतं. पण मग उद्या कोणी एव्हीएक्स-५१२ लावून कंपाइल केलं की झेडएमएम१६ ते ३१ आणि के मास्कही त्या यादीत हवेत, आणि ते कोणाच्या लक्षात राहणार? वाचलेला वेळ मोजला तर नगण्य होता. परत वेगळ्या फाइलीत.

२० जून

सिम्युलेशनची बेरीज एका रनपासून दुसऱ्या रनला जुळत नाही. आकडे तेच, रँडम आकड्यांचं बियाणं (सीड) तेच, फक्त थ्रेडचा क्रम बदलला की दिवसभरातल्या विसर्गाची बेरीज शेवटच्या काही अंकांत वेगळी येते.

एक थ्रेड मानशीतून किमान किती आणि कमाल किती पाणी गेलं याच्या सीमा काढतो. त्यासाठी तो फेसेटराउंडने राउंडिंग आधी खालच्या बाजूला आणि मग वरच्या बाजूला वळवतो, आणि मध्येच यील्ड करतो. ते वळण एक्स८६वर एमएक्ससीएसआर (एक्सएमएमच्या गणिताचं नियंत्रण रजिस्टर) आणि एक्स८७चा, म्हणजे जुन्या फ्लोटिंग पॉइंट युनिटचा, कंट्रोल वर्ड या दोन ठिकाणी बसतं. आम्ही दोन्ही सेव्ह करत नव्हतो, म्हणून पुढचा जो थ्रेड उठेल तोही खालच्या बाजूलाच राउंड करत बसायचा.

एक्स८६चं कन्व्हेन्शन इथे स्पष्ट आहे. एमएक्ससीएसआरचे कंट्रोल बिट आणि एक्स८७चा कंट्रोल वर्ड बोलावलेल्याने जपायचे, स्टेटस बिट जपायची गरज नाही. एआरएमच्या दस्तऐवजात राउंडिंगचे बिट संपूर्ण प्रोग्रामची सामायिक स्थिती मानलेले आहेत, ठरावीक फंक्शनांनी बदलायचे. पण पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात) प्रत्येक थ्रेडचं फ्लोटिंग पॉइंट वातावरण वेगळं असतं, आणि आमचे थ्रेड वापरणाऱ्याची अपेक्षा तीच असणार. म्हणून पायवर एफपीसीआर हे तिथलं नियंत्रण रजिस्टरही सेव्ह करायचं ठरवलं.

एक्स८६वर स्टॅकवर आठ बाइट: चार एमएक्ससीएसआरचे, दोन कंट्रोल वर्डचे, दोन रिकामे. नवं मूल्य आणि जुनं मूल्य सारखं असेल तर लोड करत नाही, कारण हे लोड स्वस्त नाहीत आणि बहुतेक थ्रेडांचं मूल्य एकच असतं. पायवर एफपीसीआरलाही तीच युक्ती.

२२ जून

कालच्या बदलानंतर लॅपटॉपवर पहिलाच थ्रेड "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" म्हणून मरतो. पायवर काही होत नाही.

लिनक्सवर पूर्णांकाला शून्याने भागलं तरी हाच संदेश येतो, त्यामुळे सकाळभर कोडात भागाकार शोधत बसलो. शून्याने भागाकार कुठेच नव्हता. पडत होता तो १ भागिले ३ अशा साध्या भागाकारावर.

नव्या थ्रेडचा स्टॅक एममॅपने येतो, म्हणजे शून्यांनी भरलेला. पहिल्यांदा स्विच होताना तेच शून्य एमएक्ससीएसआरमध्ये गेलं. एमएक्ससीएसआरमध्ये एक्सेप्शन झाकण्यासाठी सहा बिट असतात, ते १ असले तरच एक्सेप्शन दबतात. नेहमीचं मूल्य हेक्समध्ये १एफ८०, म्हणजे सहाही झाकलेले. शून्य घातलं की सहाही उघडे, आणि उत्तर नेमकं न बसणं हेही त्यातलं एक एक्सेप्शन आहे. १ भागिले ३ कधीच नेमकं बसत नाही. एक्स८७चं नेहमीचं मूल्य ०३७एफ. तिथे शून्य घातलं तर एक्सेप्शन तर उघडतातच, वर अचूकता २४ बिटांवर येते आणि लाँग डबल गुपचूप फ्लोटइतका होतो.

उलटही सांभाळा. स्टॅकवर जुना कचरा असेल आणि त्यातला एखादा राखीव बिट १ असेल, तर एलडीएमएक्ससीएसआर तिथेच सेगमेंटेशन फॉल्ट देतं.

पाय शांत राहिला, कारण एफपीसीआरचं नेहमीचं मूल्यच शून्य आहे.

१एफ८० कोडात कायमचं लिहिलं नाही. पॉझिक्सनुसार नवा थ्रेड बनवणाऱ्याचं वातावरण वारशाने घेतो, म्हणून थ्रेड बनवताना चालू एमएक्ससीएसआर वाचून तेच त्याच्या पहिल्या फ्रेममध्ये ठेवलं.

२४ जून

सांजाव, सेंट जॉनचा सण. भाचा मित्रांबरोबर डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारायला गेला. काम बंद.

२७ जून

सीमा काढणारा थ्रेड लांबलचक लूपमध्ये अडकतो, यील्ड करत नाही, आणि तोवर सेन्सरची वेळ टळते. भाच्याची कल्पना: टायमर लावायचा, त्याचा सिग्नल (कर्नलने मध्येच थांबवून दिलेली हाक) आला की हँडलरमधूनच, म्हणजे त्या हाकेला चालणाऱ्या फंक्शनमधूनच, स्विच करायचा.

इथे सगळं गणित बदलतं. सिग्नल कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येतो. तिथे कंपायलरने काहीही आवरून ठेवलेलं नसतं आणि सगळी एक्सएमएम भरलेली असू शकतात. तरीही आमच्या स्विचमध्ये एक ओळ वाढवावी लागली नाही. सिग्नल देताना कर्नल सगळी रजिस्टरं, फ्लोटिंग पॉइंटसकट, थ्रेडच्याच स्टॅकवर सिग्नल फ्रेममध्ये ठेवतो. हँडलरमधून स्विच हा पुन्हा साधा कॉल. थ्रेड परत आला की हँडलर संपतो आणि सिगरिटर्न सगळं जागेवर आणतं.

यात तीन गोष्टी मोडल्या. टायमर एकदाच वाजला आणि मेला, कारण हँडलर चालू असताना तो सिग्नल अडवलेला असतो आणि आम्ही हँडलर न संपवताच दुसऱ्या थ्रेडमध्ये गेलो. स्विचच्या आधी मास्क उघडला. मग सिग्नलसाठी वेगळा स्टॅक ठेवला होता, तिथे दुसऱ्या थ्रेडची फ्रेम पहिल्याच्या फ्रेमवर लिहिली गेली. वेगळा स्टॅक काढला. तो काढल्यावर सिम्युलेशनसाठी लहान केलेले स्टॅक उतू जायला लागले. माझ्या लॅपटॉपात एव्हीएक्स-५१२ आहे, सिग्नल फ्रेमच अडीच हजार बाइटच्या पुढे जाते. हेडर फाइलीतला २०४८ हा किमान स्टॅकचा जुना आकडा अशा मशीनवर पुरतच नाही. २०२१ साली आलेल्या जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४पासून तो आकडा स्थिर राहिलेला नाही, सिसकॉन्फला विचारावा लागतो.

३० जून

भाच्याने दुसरा मार्ग काढला. हँडलरला मिळालेला यूकॉन्टेक्स्ट, म्हणजे थांबलेल्या थ्रेडच्या रजिस्टरांची रचना, थ्रेडच्या नोंदीत कॉपी करायचा आणि नंतर सेटकॉन्टेक्स्टने परत जायचं. दिसायला नीटस. थ्रेड परत येतात, पण आकडे चुकतात.

एक तर त्या रचनेत फ्लोटिंग पॉइंट भाग पॉइंटरने जोडलेला असतो. रचना कॉपी केली तरी पॉइंटर जुन्या सिग्नल फ्रेमकडेच बघत राहतो, आणि ती फ्रेम केव्हाच पुसली गेलेली असते. पण पॉइंटर दुरुस्त करूनही भागलं नाही. जीलिबसीचं सेटकॉन्टेक्स्ट एक्स८६-६४वर एक्स८७चं वातावरण आणि एमएक्ससीएसआर तेवढं परत आणतं. एक्सएमएम रजिस्टरं आणत नाही, आरएएक्स तर शून्य करतं. ते फंक्शन कॉलमधून जपलेल्या स्थितीसाठीच बनवलेलं आहे. सूचनेच्या मध्येच तोडलेल्या थ्रेडसाठी ते पुरत नाही.

गो भाषेने २०२०च्या १.१४ आवृत्तीत सिग्नलने थ्रेड थांबवणं आणलं, तेव्हा थांबवलेल्या जागी सगळी रजिस्टरं जपणारं वेगळं असेंब्ली लिहावं लागलं. त्यांच्याकडे कंपायलरही त्यांचाच आहे.

२ जुलै

टायमरचा नाद सोडला. रजिस्टरांचं कोडं सुटलं होतं, पण एक थ्रेड मॅलॉकच्या (मेमरी देणाऱ्या फंक्शनच्या) आत असताना सिग्नल आला, मॅलॉकचं लॉक त्याच्याकडे, पुढच्या थ्रेडने मॅलॉक बोलावलं आणि सगळं गोठलं. लॉक नकोत म्हणूनच तर आपले थ्रेड केले होते. लांब लूपमध्ये दर काही हजार फेऱ्यांनंतर यील्ड घातला. सेन्सरची वेळ आता टळत नाही. आठवडा गेला, पण सिग्नल फ्रेम कशी असते ते दोघांनाही पाठ झालं.

५ जुलै

चाचणी लिहिली, ही आधी लिहायला हवी होती. प्रत्येक थ्रेड असेंब्लीतून डी८ ते डी१५मध्ये स्वतःच्या क्रमांकावरून काढलेले वेगवेगळे आकडे भरतो, राउंडिंग स्वतःचं लावतो, यील्ड करतो आणि परतल्यावर सगळं तपासतो. सीमध्ये लिहून चालत नाही, कंपायलर कुठलं रजिस्टर घेईल ते सांगता येत नाही. प्रत्येक थ्रेडला वेगळे आकडे हवेत, सगळ्यांनी एकच आकडा भरला तर चाचणी कायम पास होते. एसटीपीच्या चार ओळींतली एकेक मुद्दाम काढून बघितली आणि दर वेळी चाचणीने नेमकं रजिस्टर दाखवलं. एका ओळीत साठवताना डी१२ आणि उचलताना डी१३ केलं, तेही पकडलं.

एक्स८६वर एक्सएमएमची चाचणी नाही. ती बदलली तर बदलू देत.

११ जुलै, चोडण

नवा प्रोग्राम चढवला. पाऊस थांबला होता, ओहोटी होती, मानशीच्या दारातून पाणी बाहेर पळत होतं. क्षारतेचा आलेख आता पातळीच्या मागून येतो, भरतीच्या शिखरानंतर थोड्या वेळाने चढतो आणि उतरतानाही मागे रेंगाळतो. फरकाचा स्तंभही वाचण्यासारखा झालाय. शेतात कोरगुटाची (खारं सोसणाऱ्या भाताची) लावणी चालू होती. पाणी कधी गोडं होतं हे शेतकऱ्यांना आमच्या पेटीआधीच ठाऊक असतं, पण त्यांनी आकडे बघितले आणि जुळतात म्हणाले.

पुढचं काम रिस्क-फाइव्ह या वेगळ्या प्रोसेसरच्या बोर्डाचं. तिथे एस० ते एस११सोबत एफएस० ते एफएस११ अशी बारा फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं जपायची आहेत, डबलच्या हिशेबाने ९६ बाइट, आणि राउंडिंगसाठी एफसीएसआर. पण हे हार्ड-फ्लोट एबीआयने, म्हणजे दशांश आकडे फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांतून पाठवणाऱ्या कराराने, कंपाइल केलं तरच. सॉफ्ट-फ्लोट एबीआयमध्ये एफएस रजिस्टरं कोणी जपायची नसतात, तेव्हा मेकफाइलमधला कंपायलरचा फ्लॅग आधी बघायचा. बोर्ड अजून कुरियरमध्ये आहे.